रूबीच्या पोटात काय आहे

विचारायचं ते वामनरावांनी मोठ्यानं विचारलं असतं, तर आकांक्षाला काहीच झालं नसतं. आल्यापासून ते मोठ्यानंच बोलत होते. बोरगावजवळ रस्ता खोदून ठेवलेला, रूबी मागच्या सीटवर दोनदा ओकलेली, अमरावतीत गाडी लावायला वीतभर जागा नाही, हे सगळं दवाखान्याच्या पायरीवरूनच साऱ्या गल्लीला कळलं होतं. पण रूबीला टेबलावर आडवं केलं, तिच्या पोटावरचे विरळ केस काढून जेली लावली आणि आकांक्षानं सोनोग्राफीचा प्रोब हातात घेतला, तेव्हा हा धिप्पाड माणूस टेबलाजवळ सरकला. त्यानं आधी दाराकडं पाहिलं. मग तोंड तिच्या कानाशी आणून, घसा दाबून म्हणाला, "मॅडम, नर किती अन मादी किती, थे बी जरा सांगून द्या ना. कोनाले सांगत नाही मी."

हा प्रश्न काही नवीन नव्हता. कुत्री घेऊन येणारा प्रत्येक जण तो विचारतो, हसत विचारतो, आणि आकांक्षाही हसत सांगते की पिल्लं किती ते साधारण कळतं, जिवंत आहेत का ते नक्की कळतं, नर-मादी काही कळत नाही. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक आहे. मशीन विकणाऱ्यानं तो मशीनसोबतच आणला होता आणि स्वतः खिळा मारून लावून दिला होता. नियम माणसांचाच की कुत्र्यांचाही, हे तिनं विचारलं नाही. येणारे लोक त्या फलकाकडं पाहून विनोद करतात. वामनरावांनी विनोद केला नाही. ते कुजबुजले, आणि त्याआधी त्यांनी दाराकडं पाहिलं. कुत्र्याच्या पिल्लांसाठी कुणी दाराकडं पाहत नाही. ही सवय माणसांकडून आलेली, कुठल्या तरी जुन्या दवाखान्यातून, आणि ती इतकी मुरलेली की पडदा दिसला की आवाज आपोआप खाली जातो. तशाच एका खोलीत तशीच एक कुजबूज झाली होती. तेव्हा आकांक्षा स्वतः पडद्यावर होती.

"मादी जास्त पाह्यजेत का नर?" तिनं विचारलं. का विचारलं कोण जाणे. वामनराव खुलले. "मादी! नराले कोन पुसते वो मॅडम. एक मादी घरी ठेवली का तिच्यावर पुढचं चालते. हिची जागा घ्यायले एक तरी मादी पाह्यजेच." हिची म्हणजे रूबीची. रूबी पिवळी लॅब्राडोर, वय झालेली, तोंडाभोवती पांढरी, चार वेळा व्यालेली. वामनराव अकोल्यात कुत्र्यांची पैदास करून विकतात. अकोल्यात एवढे मोठे डॉक्टर असताना ते इकडं का आले, तेही त्यांनी पायरीवरच सांगितलं होतं. तिकडं दाखवलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या कुत्रेवाल्यांना खबर लागते, मग ज्याचा नर लावला तो मालक आधी येऊन हक्काचं पिल्लू निवडून ठेवतो. या माणसाचा कुणावर विश्वास नाही, हे आकांक्षानं तेव्हाच ओळखलं होतं. अशा माणसांचा तिला राग येत नाही. जनावरांचा दवाखाना चालवायचा तर माणसांचा राग परवडत नाही.

पडद्यावर पांढरट करडं धुकं होतं. दिवस भरत आले नसले तरी महिना उलटून गेलेल्या कुत्रीच्या पोटात काळ्या गोल पिशव्या दिसतात, एकीला लागून दुसरी, आणि प्रत्येकीत एक ठिपका फडफडत असतो. तो ठिपका म्हणजे काळीज. पहिल्यांदा पाहणारा मालक असला की तिथं गप्प होतो. आकांक्षानं प्रोब खाली नेला, वर आणला, कुशीकडं वळवला. मूत्राशय दिसलं. आतडी दिसली, सावकाश सरकणारी. पिशवी एकही नाही. तिनं रूबीला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा पाहिलं. रूबीचं पोट फुगलेलं होतं, सड सुजलेले, एक दाबून पाहिलं तर दुधासारखं थेंबभर पाणी आलं. वामनराव सांगत होते की ती चार दिवसांपासून कपाटाखाली उकरते आहे, त्यांच्या बायकोची चप्पल तोंडात धरून नेते आणि पोटाशी घेऊन झोपते, कुणी उचलली की गुरगुरते. हे सगळं खरंच होतं. कुत्रीचं शरीर असं करतं. गर्भ राहिला नाही तरी राहिल्यासारखं वागतं, दूधसुद्धा आणतं. पोटच खोटं बोलतं, आणि त्यात कुत्रीचा काही दोष नसतो.

ज्या माणसानं आकांक्षाला पहिल्यांदा पाहिलं, त्याच्याबद्दल तिला एवढंच माहीत होतं की त्याला पडदा वाचता येत नव्हता. हे तिला आत्यानं सांगितलं. पातूरला थोरल्या बहिणीच्या घराची वास्तुशांत होती, पंगत बसली होती, आणि बेबीआत्या चार बायकांत रंगात आली होती. "तू तं चुकून आलेली पोट्टी हायस वो," ती आकांक्षाकडं हात करून म्हणाली. "दोन पोट्ट्या झाल्या होत्या, तिसरी ठेवायचीच नव्हती. अकोल्याले नेलं तुया आईले, चोरून पाहून सांगत तवा. थो डॉक्टर बह्याड निघाला! म्हने पोट्टा हाय. तुई आजी पेढे वाटत आली, अकोल्यापासून पातूरलोक, साऱ्या एस्टीत. डायवरले बी देल्ला!" बायका हसल्या. आकांक्षाही हसली. ती तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकीला होती, हसण्यासारखं काय आणि काय नाही हे ठरवायचं वय नव्हतं. आई वाढत होती. मठ्ठ्याचं भांडं हातात घेऊन तीही हसली, आणि पुढच्या पानाकडं गेली. आकांक्षानं त्या दिवशी व्यवस्थित जेवण केलं. रात्री मात्र तिला समजलं की आपल्याला काहीतरी झालं आहे. कुठं दुखतं ते दाखवता येत नव्हतं. एवढंच वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या पत्रिकेवर जेवायला आलो आहोत, आणि घरच्यांना ते ठाऊक आहे, आणि ते बिचारे वाढताहेत.

तेव्हापासून तो माणूस तिच्यासोबत राहिला. सोनोग्राफी शिकताना तर तो रोज यायचा. ती त्याला दोन तऱ्हांनी पाहायची. एका तऱ्हेत तो खरोखरच अडाणी होता, घाईत होता, बाहेर रांग होती, आतड्याच्या वळकटीला त्याला भलतंच काही वाटलं आणि त्यानं सांगून टाकलं. दुसऱ्या तऱ्हेत त्याला नीट दिसलं होतं. त्यानं टेबलावरच्या बाईचं तोंड पाहिलं, आणि त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो खोटं बोलला. आकांक्षाला दुसरा माणूस हवा होता. विश्वास पहिल्यावर बसायचा. माणसं नवसानं होतात, हौसेनं होतात, काही नुसतीच होतात. ती नजरचुकीनं झाली होती. सगळ्या जगात एकाही माणसाला ती हवी नव्हती आणि तरी ती होती, हे तिला मान्य करता येत नव्हतं आणि त्यावर रडतासुद्धा येत नव्हतं, कारण त्यात तसं कुणी वाईट वागलेलं दिसत नव्हतं. वडिलांनी शिकवलं, आजीनं शेवटी शेवटी तिच्याच हातचं पाणी मागितलं. आईला विचारलं की संपलं. पण आईला विचारायचं म्हणजे आई हो म्हणण्याची शक्यता धरून विचारायचं. हो, तेव्हा कळलं असतं तर तू नसतीस. हे वाक्य आईच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. आता वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई तिच्याकडंच राहते, रोज दोन्ही वेळा समोरासमोर जेवण होतं, आणि प्रश्न तिथंच आहे.

"किती हायेत?" वामनरावांनी विचारलं. कुजबूज अजून सुटली नव्हती. आकांक्षानं प्रोब तसाच धरून ठेवला. रूबीनं डोकं उचलून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा टेकवलं. "आणि नसतीलच तर?" आकांक्षा म्हणाली. "नसतीन तं मंग काय," वामनराव सरळ झाले, आवाजही सरळ झाला. "मांगच्या खेपेले बी दोनच झाले होते. तेल्हाऱ्याले साळ्याचं वावर हाय. रानडुकरं लय येतात. तिकडं बांधून देऊ हिले." ते निर्दयपणे बोलले नाहीत. जुना कूलर गच्चीवर टाकू म्हणावं तसं बोलले. आकांक्षाला तो उन्हाळा दिसला, कपाशीचं रिकामं रान, साखळी, आणि घरात फरशीवर वाढलेली, कंबर धरलेली ही कुत्री. सांगणं किती सोपं होतं. तीन आहेत, फार हलवू नका, खायला नीट घाला. कुणाला कळणार होतं? महिन्याभरानं काही निघालं नाही तर पोटातच जिरले म्हणायचं, तसं होतंही. तिच्या ओठांपर्यंत ते आलं. तेव्हाच तिच्या मनात आलं की तो माणूस असाच उभा असेल. एक वाक्य बोलला असेल आणि हात धुतले असतील. पुढचं त्याला कुठं निस्तरायचं होतं? वाक्य त्याचं, आणि दिवस भरल्यावर तोंड दाखवायचं दुसरीनं. हा विचार तिला आवडला नाही. तिनं प्रोब उचलला.

"नाहीत वामनराव. पोट रिकामं आहे. खोटं गाभणपण आहे हे, होतं असं."

वामनरावांचा हात रूबीच्या डोक्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. एवढंच झालं. पण आकांक्षाला तो हात काढणं सोसलं नाही. "तेल्हाऱ्याला कशाला नेता," ती म्हणाली, "इथं ठेवून जा. मी पाळते हिला." बोलल्यावर तिलाच नवल वाटलं. तिच्या घरी कधी कुत्रं नव्हतं. आईला फाटकाच्या आत कुत्रं चालत नसे.

वामनराव तिच्याकडं पाहायला लागले. मग पडद्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं. "तुमी पालता?"

"हो."

"घरी किती कुत्रे हायेत तुमच्या?"

"एकही नाही."

हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. बाजारात कुणी आपल्याला फसवू पाहतंय आणि आपण वेळेवर ओळखलंय, तेव्हा माणूस असा हसतो. "मॅडम," ते म्हणाले, "मी का आज कुत्रे पालून राहिलो काय? डॉक्टरच्या घरी एक कुत्रा नाही, अन त्याईले बुढी, रिकामी कुत्री पाह्यजे! किती दिसले खरं सांगा. पाच हायेत का सहा?"

"एकही नाही. हे बघा, हे मूत्राशय, हे आतडं..."

"थे तुमी म्हनसान थे. आमाले त्यातलं काय समजते!" त्यांनी स्वतःच रूबीचं पोट पुसलं, दोन्ही हातांनी तिला अलगद उचललं. मघाशी टेबलावर चढवताना दोघं लागले होते. "चाल माय. हे डॉक्टरीनबाई तुले ठेवून घेऊन राहिली होती." आकांक्षा पायरीपर्यंत त्यांच्यामागं गेली, खरंच नाहीत म्हणाली, दोनदा म्हणाली. जितकं म्हणावं तितका त्यांचा विश्वास वाढत होता. रूबीला त्यांनी या वेळी मागं टाकलं नाही, पुढच्या सीटवर चादर अंथरून बसवलं. "रोज अंडे देतो हिले आता," काच खाली करून ते म्हणाले, "पनीर देतो. पाहू मंग कोनाचं खरं निंघते." गाडी शेगाव नाक्याच्या दिशेनं गेली. आकांक्षा पायरीवर उभी राहिली. तिला आधी राग आला, मग हसू आलं. आपण सरळ खरं बोललो आणि त्याचं काम खोट्यासारखं झालं. कुत्रीला महिनाभराची अंडी मिळाली. तो महिना संपल्यावर काय, हे डोक्यात आलं आणि हसू गेलं.

दुपारी ती जेवायला घरी गेली. लीलाबाई, तिची आई, मागच्या ओट्यावर अंबाडीची पानं खुडत बसली होती. पातूरला त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता, त्यामुळं अजूनही आईचे हात पाल्यात असले की जास्त चपळ चालतात. आकांक्षानं ताट वाढून घेतलं, तिथंच बसली, आणि वामनरावांची गोष्ट सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. त्यांचं कुजबुजणं करून दाखवलं, दाराकडं पाहणं करून दाखवलं, रूबीला पुढच्या सीटवर बसवलं तेही. आईला हसू येईल अशी तिची खात्री होती. आई हसली नाही. खुडलेली पानं तिनं टोपल्यात सारखी केली.

"म्हंजे तू खरं सांगतलं अन त्याले खोटं वाटलं," आई म्हणाली.

"हो ना."

"मायं उलटं झालं. म्या खोटं सांगतलं, साऱ्याईले खरं वाटलं."

"कधी?"

"तुया वक्ती. थो अकोल्याचा डॉक्टर काही चुकला नव्हता वो. बेबी उगीच सांगत फिरते. त्यानं बरोब्बर सांगतलं होतं. पोट पुसाले कपडा देल्ला मले, अन हळूच म्हने, पोट्टी हाय बाई, बाहेर त्याईले मी सांगू का? म्या म्हनलं, मीच सांगीन. बाहेर तुई आजी बाकड्यावर बसली होती. तुये बाबा पानठेल्यावर गेले होते. आजीनं माया तोंडाकडं पाह्यलं. म्या म्हनलं, पोट्टा हाय."

आकांक्षाच्या हातात घास होता. तो तिनं ताटात ठेवला. इतक्या वर्षांत तिनं त्या खोलीत कितीदा जाऊन पाहिलं होतं, त्या माणसाचं तोंड, त्याचे हात, त्याची घाई. टेबलावर झोपलेल्या बाईकडं तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती बाई तिच्या लेखी नुसतं पोट होती, ज्यात बघायचं असतं. टेबलावरून उठून, पदर सारखा करून, दहा पावलं चालत बाहेर गेलेली बाई तिला आत्ता दिसली. तिच्याहून दहा वर्षांनी लहान असेल तेव्हा. आकांक्षाला एकदम फार आनंद झाला आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. तिनं विचारलं, कारण आता न विचारता राहणं शक्य नव्हतं, "मायासाठी बोलली तू खोटं?"

"नाही," आई म्हणाली. "खोटं कावून सांगू तुले. तू कोन होती तवा? मले कुठं मालूम होतं तू कशी होशीन थे. त्याच्या आंधी एक खेप झाली होती, त्याच टेबलावर. थे तुमाले कोनाले मालूम नाही. तवा म्या खरं सांगतलं होतं. मंग बाजूच्या खोलीत नेलं मले. त्या खोलीत मले आखीन नव्हतं जायचं. बस, येवढंच."

पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आकांक्षाला दोनच बहिणी होत्या. आता तीन झाल्या, आणि तिसरीबद्दल आई पुढं काही बोलणार नव्हती, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. हात परत चालायला लागले होते. आकांक्षाला त्या मुलीचं वाईट वाटलं आणि आपण ती नाही याचं बरं वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि यातलं कुठलंही लपवावं असं वाटलं नाही.

"अन मी झाली तवा?"

"तवा काय? आजीनं तोंड फिरवलं. बाबा आलेच नाही पाह्यले. सारे म्हनत डॉक्टर चुकला, म्या बी म्हनलं चुकला. माया आईनं नेलं मले माहेरी, दोन उन्हाळे तिथंच काढले आपुन. कोनी नेनारं पाह्यजे ना, नाही तं खोटं बोलून बाई जाईन कुठी?" आईनं नवी जुडी पुढं ओढली. "हासू मात्र लय आलं मले. तुई आजी पेढे वाटून बसली होती ना साऱ्या एस्टीत. टाके ओढत होते, तरी हासून राहिली मी."

"तू मले कधी सांगतलं कावून नाही?"

"तू कधी इचारलं?"

आईनं देठं गोळा करून बाजूला टाकली. मग म्हणाली, "त्या कुत्रीचं काय करशीन?"

"महिन्याभरानं कळेल त्याला. मग नेऊन बांधेल वावरात."

"मंग जाय अन घेऊन ये तिले. मोरीच्या बाजूले जागा हाय. घरात नाही आनायची." आणि हात झाडत, "तवरक खाऊ दे अंडे. खाल्लेलं कोनी काढून नेत नाही."

आकांक्षाला रडू यायला लागलं होतं. आईनं ते पाहिलं. टोपलं मांडीवरून उतरवून ती जरा मागं सरकली, भिंतीला टेकली, आणि तिच्या तोंडावर ते हसू आलं, पातूरच्या पंगतीत मठ्ठा वाढताना आलेलं.

"तुई आजी लय चिक्कू बाई होती. पयल्या दोघीच्या वक्ती मले कोरडी भाकर. त्या खेपेले मात्र तुपाचा डबाच काढला तिनं. जेवाले बसलं का माया ताटात येवढा गोळा. पोट्ट्याले लागते म्हने. मी आपली खाली मान घालून खाऊन राहिली. साऱ्या घरात मले एकटीलेच मालूम होतं, थे तूप कोन खाऊन राहिलं."